पसारा कॅमेऱ्याकडे बघतो

तिला सगळे डायरेक्टर म्हणायचे. सिनेमा मात्र तिने तोवर एकही पुरा केला नव्हता. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, पण हाक मारायची वेळ आली की तीही डायरेक्टरच म्हणायची. डायरेक्टर, दुधाकडे बघ. डायरेक्टर, वाळत घातलेले कपडे आत घे.

पोटापाण्यासाठी डायरेक्टर एका फोटो स्टुडिओत कामाला होती. स्टुडिओ म्हणजे बोळासारखी लांबट खोली, टोकाला पांढरा पडदा आणि त्यापुढे एक फिरतं स्टूल. तिथे फक्त ओळखपत्रांचे फोटो निघायचे. माणूस स्टुलावर टेकला की हिचा मंत्र सुरू: पाठ सरळ, केस कानामागे, हसू नका, लेन्समध्ये बघा. मग त्याच्या मानेमागची सावली कॉम्प्युटरवर पुसायची, कॉलरवरचा धागा उडवायचा आणि फोटो कापून पाकिटात भरून द्यायचे. गंमत अशी, की दिवसभर जगाला लेन्समध्ये बघा म्हणून विनवणारी ही मुलगी घरी आली की एकाच प्राण्याच्या हात धुऊन मागे लागायची, की बाबा रे, लेन्समध्ये बघू नकोस. त्या प्राण्याचं नाव पसारा.

पसारा हा कुत्रा. काही वर्षांपूर्वी स्टुडिओच्या मागच्या दाराशी, फोटोचे कागद येतात त्या खोक्यात तो तिला सापडला. ओंजळीत मावेल एवढा होता. जॅकेटच्या आत घालून तिने त्याला घरी आणलं, तेव्हा आईने सांगितलं होतं, दोन दिवस ठेव आणि कुणालातरी देऊन टाक. दोन दिवसांचे दोन महिने झाले आणि पिल्लाचा बैल झाला. तो जिथे आडवा होई तिथे खोली संपायची. बरोब्बर उंबऱ्यावर पडायची त्याला भारी हौस, त्यामुळे घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून कितीतरी वेळा पाय उंच उचलून त्याला ओलांडायचं. आधीच काय घरात पसारा कमी आहे, असं आई म्हणाली आणि नावाचा प्रश्न मिटला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली इस्त्रीवाल्याचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम गरम कापडाचा वास. वर समोरासमोर दोन दारं. एकामागे डायरेक्टर आणि आई राहायच्या, दुसऱ्यामागे डायरेक्टरचे दोन मित्र. दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी असत, आणि साखर कुठल्या घरातली, टॉवेल कुठल्या घरातला, याचा हिशेब कुणी ठेवत नसे.

मित्रांपैकी एकाला लांब्या म्हणत. तो फर्निचरच्या दुकानात होता. लोकांच्या घरी जाऊन कपाटं आणि पलंग जोडून द्यायचा. बोलायला महाकंजूस, पण हात असा स्थिर की भरला कप घेऊन तीन जिने चढला तरी बशीत थेंब सांडायचा नाही. म्हणून कॅमेरा त्याच्याकडे. कॅमेरा त्याच्या मामाचा, परत मागू नये अशा बेताने उसना आणलेला. दुसरा मित्र कानाच्या मशिनांच्या दुकानात, म्हाताऱ्या माणसांना हेडफोन लावून बसवायचा आणि आवाज आला की बटण दाबा म्हणायचा. त्याच्याकडे अर्थातच आवाजाचं काम, आणि नाव कानसेन. कानसेनच्या मागे एकदा बाजारातून एक काडीसारखी कुत्री चालत घरापर्यंत आली आणि परत गेलीच नाही. ती टाचणी. जिवाने एवढीशी, पण पसाऱ्याला ताटावरून उठवायची.

तर या तिघांचा सिनेमा चालला होता. त्याला अजून नाव नव्हतं. गोष्ट सोपी होती: घरातली माणसं कुठेतरी गेली आहेत आणि एक कुत्रा दिवसभर एकटा आहे. तो खोल्यांतून फिरतो, खुर्ची हुंगतो, दाराशी बसतो, संध्याकाळ होते. बस्स, एवढंच. डायरेक्टरला वाटायचं, हे नीट जमलं तर बघणाऱ्याच्या घशात आवंढा येईल. सुट्टीच्या दिवशी आईला खालच्या मजल्यावर गप्पा मारायला पाठवायचं, टाचणीला कोंडायचं, आणि शूटिंग. अशी दोन वर्षं गेली.

घोडं पेंड खात होतं ते एकाच जागी. पसारा कॅमेऱ्याकडे बघायचा. खुर्ची हुंगता हुंगता थांबायचा, मान वळवायचा आणि सरळ लेन्समध्ये बघायचा, असा, की कुणालाही कळावं, घरात कुणीतरी आहे. मग एकटेपणाचं झालं काय? डायरेक्टर कपाळाला हात लावून कट म्हणायची. त्यांनी काय काय करून पाहिलं. लेन्सभोवती काळं फडकं गुंडाळलं. कॅमेरा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून भोक पाडलं. लांब्याला एकदा कॅमेऱ्यासकट चादरीखाली बसवलं, तर पसारा शेपूट हलवत आला आणि चादरीवरच पसरला. कानसेन म्हणाला, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, तू गोष्ट बदल. डायरेक्टर म्हणाली, हा जन्माचा हिरो आहे, याला कॅमेऱ्याचं वेड आहे, आणि हे वेड मी काढीन.

एकदाच जमलं होतं. लांब्याला ताप आला म्हणून त्या दिवशी कॅमेरा डायरेक्टरने स्वतः धरला, आणि काय आश्चर्य, पसाऱ्याने लेन्सकडे ढुंकून पाहिलं नाही. उघड्या दाराकडे तोंड करून बसला तो बसलाच. तिचा हात हलत होता, चित्र जरा डगमगत होतं, पण तिने तोंडातून शब्द काढला नाही, मोडेल म्हणून. सिनेमातला सगळ्यांत चांगला शॉट तो, असं ती पुढे वर्षभर सांगत होती.

अशात लांब्याला नोकरी लागली. लांबच्या मोठ्या शहरात, सिनेमावाल्यांना कॅमेरे भाड्याने देणारी एक जागा होती, तिथे मदतनीस म्हणून. कॅमेरे पुसायचे, लेन्सा मोजून द्यायच्या, शूटिंगला सोबत जायचं. ज्याच्याकडे तिघांनी इतकी वर्षं डोळे लावले होते ते दार एकाला तरी उघडलं. आईने त्याची दृष्ट काढावी तसा त्याच्या गालांवरून हात फिरवला. डायरेक्टरने त्याला मिठी मारली आणि खरंच मनापासून मारली. लांब्या महिनाअखेर जाणार होता.

त्या संध्याकाळी पसारा दोन दारांच्या मध्ये, बरोबर अर्ध्यावर झोपला होता, आणि तिघंही त्याच्याकडे बघून दुसरीकडे बघत होते. हा कुणाचा, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. विचारायची गरज पडली नव्हती. आता समोरच्या दारातलं एक माणूस जाणार होतं, तेव्हा कुत्रा कुणाकडे, हे ठरवायला हवं होतं, आणि तिघंही मूग गिळून बसले.

डायरेक्टरने मनातल्या मनात ठरवून टाकलं. त्यात ठरवायचं काय? आणला कुणी, तिने. बाटलीने दूध पाजलं, टोचून आणलं, पाय मोडला तेव्हा मांडीवर घेऊन बसली. लांब्यानेही शब्द काढला नाही. तो आपला तिला कॅमेरा शिकवत राहिला, श्वास सोडताना कॅमेरा कसा वळवायचा, कोपर पोटाशी कसं धरायचं. गप्प आहे म्हणजे त्यालाही मान्य आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. माणसाला हवं ते ऐकू येत नसेल तर तो गप्पपणातही ऐकतो.

एका रविवारी दुपारी आई झोपली होती, मित्र समोर लांब्याचं सामान बांधत होते, आणि डायरेक्टर लॅपटॉपपुढे बसून सिनेमा जोडत होती. जोडायला काही नव्हतंच. चांगले शॉट थोडेसे, बाद केलेल्यांचा ढीग. त्या ढिगातून दोन-चार सेकंद तरी वाचवता येतील म्हणून ती एकेक उघडत होती. प्रत्येकाच्या शेवटी तिचाच ओरडा होता. तो ऐकून लाज वाटली म्हणून तिने आवाज बंद केला. मग राहिलं नुसतं पसाऱ्याचं तोंड.

एक शॉट तिने आधी नीट पाहिलाच नव्हता. लांब्याने कॅमेरा ट्रायपॉडवर लावला होता आणि बहुतेक तो पाणी प्यायला उठला असावा, कारण चित्र जराही हलत नव्हतं. पसारा लेन्सकडे बघत होता. मग त्याची नजर हळूहळू डावीकडे गेली, जिथे माठ ठेवलेला असतो. तिथे थांबली. आणि परत आली. कॅमेरा जागचा हलला नव्हता. डायरेक्टरने तो शॉट पुन्हा लावला. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकात कान जरासे मागे, डोळे ओले, आणि नजर लेन्सच्या किंचित वर. कॅमेरा धरणाऱ्याचा चेहरा जिथे असतो तिथे.

मग तिने तो आपला लाडका शॉट काढला, दाराकडे बघत बसल्याचा. त्या दिवशी लांब्या त्या दारापलीकडे, समोरच्या खोलीत तापाने पडलेला होता. कॅमेरा तिने धरला होता, आणि कुत्र्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

तिला आधी राग आला. हो, रागच आला, आणि तोही कुत्र्याचा. हात लावीन तिथे सोनं म्हणावं तर इथे हात लावला तो कुत्रा बेइमान निघाला, असं काहीबाही ती मनात बडबडली. मग तिला रडू फुटलं. आपण ज्याच्यावर सर्वांत जास्त माया केली त्याची माया दुसरीकडेच आहे, हे दोन वर्षं आपणच टिपत होतो आणि आपणच बाद करत होतो, हे कळल्यावर माणूस दुसरं काय करणार? टाचणी येऊन तिच्या पायावर हनुवटी टेकून बसली, तेवढाच आधार.

आई उठली तर हिचे डोळे लाल. आईपुढे लपवाछपवी चालत नसे. डायरेक्टरने तिला शॉट दाखवले, पाणी प्यायला उठलेला, दाराचा, सगळे. आईने चष्मा पुसून नीट पाहिले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," आई म्हणाली. "चादरीखाली माणूस बसवलात, आणि माणूसच विसरलात."

आईने चष्मा काढून ठेवला.

"देऊन टाक असं मी म्हणत नाही. मलाच त्याच्याशिवाय करमायचं नाही. पण त्याला तोंड असतं, तर तू त्याला विचारलं असतंस की नाही?"

पुढचे काही दिवस डायरेक्टर स्टुडिओत नुसती मशिनसारखी काम करत होती. एका गृहस्थाचा कानच तिने सावली समजून पुसला आणि मालककाकांनी तिला शांतपणे चहा पाजला. तिला दिवसरात्र एकच गणित सुटत नव्हतं. दिला नाही तर आपण चोर, आणि दिला तर उंबरा मोकळा. शेवटी एका संध्याकाळी ती समोरच्या दारात जाऊन उभी राहिली. लांब्या खोक्यांना दोरी बांधत होता, पसारा दोरीवर झोपला होता. तिने लॅपटॉप एका खोक्यावर ठेवला आणि काही न सांगता शॉट लावले.

लांब्याने सगळे पाहिले. मग दोरीची गाठ सोडली, पुन्हा मारली.

"मी मागणार नव्हतो," तो म्हणाला. "तू आणलायस त्याला."

"आणला म्हणून काय झालं? तो काय कपाट आहे?"

लांब्या हसला, मग हसायचा थांबला. "तिकडे खोली बघितली ना, तेव्हा घरमालकाला विचारून ठेवलं होतं, कुत्रा चालेल का म्हणून. उगाच. तू देशील असं वाटून नाही. नुसतं विचारलं."

"काय म्हणाला?"

"चालेल म्हणाला."

कानसेन आतल्या खोलीत हे सगळं ऐकत होता, त्याच्या कानातून काय सुटणार. तो बाहेर आला, दोघांकडे पाहिलं आणि चहा टाकतो म्हणून परत आत गेला. आत बराच वेळ नाक शिंकरल्याचा आवाज येत होता आणि चहा काही येत नव्हता.

जायच्या दिवशी फर्निचरच्या दुकानाने आपला टेम्पो दिला. आईने पसाऱ्याची वाटी, जुनी चादर आणि औषधाची बाटली पिशवीत भरून दिली, आणि लांब्याला औषध कसं द्यायचं ते इतक्यांदा सांगितलं की तोही आई, कळलं, आई, कळलं म्हणत राहिला. डायरेक्टरने ठरवलं होतं की रडायचं नाही. तिने पसाऱ्याचं मोठं डोकं दोन्ही हातांत धरलं, त्याच्या कपाळाला कपाळ लावलं आणि शहाण्यासारखा राहा म्हणाली. टेम्पोचं फळकूट उघडताच पसाऱ्याने टुणकन उडी मारली आणि सामानात बसलेल्या लांब्याच्या पायाशी ऐसपैस पसरला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. कुत्र्याला काय ठाऊक, हे जाणं कसलं आहे. पण तिला ते लागलं, आणि मग मात्र ती रडली.

घरात उंबऱ्यावर आता कुणी नव्हतं, तरी आई पाय उंच उचलूनच आत जायची. टाचणी दोन दिवस रुसली. डायरेक्टर आणि कानसेन सिनेमा नव्याने जोडायला बसले. एकट्या कुत्र्याची गोष्ट तिने सोडून दिली होती. आता फक्त बाद केलेले शॉट घ्यायचे, एकामागून एक, आणि न दिसणाऱ्या माणसाकडे बघणारा कुत्रा दाखवायचा. कानसेन म्हणाला, हा सिनेमा दोन वर्षं तयारच होता की. हे काम ती मनापासून करायची, पण त्यातला प्रत्येक शॉट तिला जरासा बोचायचाही. लांब्याशी ती फोनवर बोलायची ती कॅमेऱ्यांबद्दल. कुत्रा बरा आहे ना, एवढंच शेवटी विचारायची, आणि बरा आहे म्हणाला की लगेच फोन ठेवायची. आपली आठवण येत नसणार हे माहीत असताना कशाला खोदून विचारायचं?

एका संध्याकाळी ती स्टुडिओतून नुकतीच आली होती, अजून बूटही काढले नव्हते, तेवढ्यात लांब्याचा फोन आला. तो स्वतःहून फोन करणाऱ्यातला नव्हता, म्हणून तिने घाईघाईने उचलला.

"पसारा बरा आहे," तो आधीच म्हणाला. "खातोपितो. एकच आहे, संध्याकाळी जिन्यात जाऊन बसतो. मी कामावरून लवकर आलो तर मला शेपूट हलवतो, पण उठत नाही. अंधार पडेपर्यंत तिथेच."

"नवीन जागा आहे. होईल सवय."

"नवीन नाही गं. तिकडेही बसायचाच की. तुझ्या यायच्या वेळेला, रोज. खालच्या वळणावर. तुझी पावलं वाजली की धावत वर यायचा आणि दारात आडवा पडायचा. तुला माहीत नव्हतं?"

डायरेक्टरने आईकडे पाहिलं. फोनमधलं आईला ऐकू गेलं होतं. आई म्हणाली, अगं, मला वाटलं तुला ठाऊक आहे.

तिला ठाऊक असणार कसं? ती घरात नसायची तेव्हाच तो तिची वाट बघायचा. ती दारात पोचायची तेव्हा तो लोळत पडलेला असायचा, आणि ती त्याला ओलांडून जाताना रोज म्हणायची, मी आले तरी हा बेटा उठत नाही. वाट बघणाऱ्या कुत्र्याचा सिनेमा काढायला तिने दोन वर्षं घालवली, आणि खरीखुरी वाट खालच्या वळणावर रोज बघितली जात होती, तिच्यासाठी. ती होती तिथेच जमिनीवर बसली.

"आणून सोडू का त्याला?" लांब्याने विचारलं. "सुट्टी मिळेल मला."

हो तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"रात्री कुठे झोपतो?" तिने विचारलं.

"माझ्या पायांवर. कूस बदलू देत नाही."

ती हसली, डोळे पुसले. "मग राहू दे. आता कुठे आहे?"

"जिन्यात. समोरच बसलाय."

"फोन त्याच्या कानाशी धर."

पलीकडून जोरजोरात हुंगल्याचा आवाज आला, मग ओळखीचा जाड श्वास. इतकी वर्षं ती या कुत्र्याला ऊठ, बस, हलू नकोस, बघू नकोस म्हणत आली होती.

"आले रे मी," ती म्हणाली. "पोचले घरी. जा, तूही आत जा आता."

श्वास थांबला. मग पायऱ्यांवर नखं वाजली, आणि लांब्या फोनवर परत आला.

"उठला," तो म्हणाला. "गेला आत."

उद्याही याच वेळेला फोन कर, असं तिने त्याला सांगितलं, आणि मग बूट काढले.